विश्लेषण : किडा चावतो बालपणी, हृदय खचते चाळिशीत! कार्लोस चागस यांच्या शोधावर इतका अविश्वास का होता?

रोगाचा जंतू, तो पसरवणारा कीटक आणि त्यामुळे आजारी पडलेला माणूस हे तिन्ही एकाच डॉक्टरने, एकाच आडगावात, अवघ्या दोन वर्षांत शोधून काढले. मात्र हा जंतू हृदय पोखरतो, हे सिद्ध व्हायला पुढची चार दशके लागली. तोवर ते डॉक्टर हयात नव्हते. ब्राझीलचे कार्लोस चागस यांचा शोध, त्यातील चुका आणि त्यावरून झालेला वाद याविषयी…

काय आहे हा आजार?

१४ एप्रिल हा ‘जागतिक चागस आजार दिन’. आपल्याकडे ही तारीख आंबेडकर जयंतीची असल्याने या दिनाची बातमी सहसा कोणाच्या नजरेस पडत नाही. लॅटिन अमेरिकेत मात्र हा आजार घरोघरी माहीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार ६० ते ७० लाख लोकांच्या शरीरात आज ‘ट्रिपॅनोसोमा क्रूझी’ हा परजीवी आहे. त्यांतील बहुतेकांना त्याचा पत्ताही नाही. कारण संसर्ग झाल्यावर काही आठवडे ताप येतो, चेहरा किंवा पापणी सुजते आणि मग सारे शांत होते. पुढे १०, २०, कधी ३० वर्षे काहीच जाणवत नाही. त्यानंतर साधारण २० ते ३० टक्के रुग्णांचे हृदय हळूहळू निकामी होऊ लागते. कोणाला चक्कर येते, कोणाच्या पायावर सूज येते, तर कोणी शेतात काम करता करता कोसळते.

कारण आणि परिणाम यांच्यातील या लांबलचक अंतरामुळेच सारा घोळ झाला. लहानपणी चावलेल्या किड्याचा संबंध चाळिशीतल्या हृदयविकाराशी कोण आणि कसा जोडणार?

कार्लोस चागस कोण होते?

ब्राझीलच्या मिनास जेराइस प्रांतातील ओलिव्हेरा गावाजवळ, कॉफीच्या मळेवाल्याच्या घरी १८७०च्या दशकाच्या अखेरीस त्यांचा जन्म झाला. पोर्तुगीजमध्ये आडनावाचा उच्चार ‘शागस’च्या जवळ जातो, गोव्यातील वाचकांना ते वेगळे सांगायला नको. मराठीत ‘चागस’ रूढ आहे म्हणून इथेही तेच. वडील गेले तेव्हा कार्लोस चार वर्षांचे होते. मळा आणि मुले दोन्ही आईने सांभाळली. मुलाने इंजिनीअर व्हावे ही तिची इच्छा. त्यासाठी ओरो प्रेतो येथील खाणशास्त्राच्या शिक्षणाकडे त्यांना धाडले, पण तिथे बेरीबेरीने आजारी पडून ते घरी परतले. मामा डॉक्टर होते. त्यांनी भाच्याचा कल ओळखला, बहिणीची समजूत घातली आणि १८९७ मध्ये कार्लोस रिओ दी जानेरोच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले.

पदवीच्या प्रबंधासाठी त्यांनी मलेरिया हा विषय घेतला. त्यानिमित्ताने ओस्वाल्दो क्रूझ यांच्याशी गाठ पडली. रिओमधून पीतज्वर हटवणारे हेच ते क्रूझ. शहराबाहेर मांगिन्योस येथे त्यांची प्रयोगशाळा होती आणि पुढे तिला त्यांचेच नाव मिळाले. १९०५ मध्ये सांतोस बंदर कंपनीच्या बांधकामावरील मजूर मलेरियाने एकापाठोपाठ एक आजारी पडू लागले. तेव्हा क्रूझ यांनी चागस यांना इतातिंगा येथे पाठवले. माणसाचे रक्त पिऊन जड झालेला डास घरातच भिंतीवर बसून राहतो, हे चागस यांच्या लक्षात आले. तळी-डबक्यांच्या मागे न लागता त्यांनी घरांतच कीटकनाशक धुरी दिली. साथ आटोक्यात आली. आजार घरात शोधायचा, ही सवय त्यांना इथे लागली आणि पुढे तीच कामी आली.

लासान्समध्ये काय घडले?

१९०७ मध्ये सेंट्रल रेल्वेचा मार्ग मिनास जेराइसच्या उत्तर भागात पुढे सरकत होता. मलेरियामुळे तिथलेही काम थंडावले. चागस आणि बेलिसारिओ पेना हे दोघे डॉक्टर लासान्स या वसाहतीत मुक्कामाला गेले. राहायला आणि काम करायला मिळाला रेल्वेचा एक डबा. तिथेच सूक्ष्मदर्शक, तिथेच दवाखाना आणि तिथेच झोपणे.

तपासायला येणाऱ्यांत मलेरियाचे रुग्ण होतेच, पण चागस यांना आणखी काही तरी खटकत होते. धडधाकट वयाच्या माणसांची नाडी मध्येच ठोका चुकवत होती. काहींना धाप लागत होती, काही अचानक दगावत होते. मलेरियाने असे होत नाही आणि उपदंशानेही या साऱ्याचा खुलासा होत नव्हता.

तेवढ्यात रेल्वेच्या अभियंत्यांचे प्रमुख कांतारिनो मोता यांनी त्यांना एक किडा दाखवला. ढेकणाच्याच जातकुळीतला, पण बोटाच्या पेराएवढा आणि पंख असलेला. तिथल्या कुडाच्या, माती लिंपलेल्या घरांत भिंतींच्या भेगांमध्ये असे शेकडो किडे राहत. दिवा मालवला की बाहेर पडत आणि झोपलेल्या माणसाच्या चेहऱ्याला चावत. लोक त्याला ‘बार्बेरो’ म्हणत. बार्बेरो म्हणजे न्हावी!

रक्त पिणारा किडा म्हणजे रोगाचा वाहक असू शकतो, हा धडा मलेरियाने नुकताच दिला होता. चागस यांनी किड्याचे पोट फाडून पाहिले. आतड्याच्या शेवटच्या भागात शेपटीवाले, वळवळणारे सूक्ष्मजीव होते. रेल्वेच्या डब्यात यापुढे जाणे शक्य नव्हते. त्यांनी जिवंत किडे रिओला क्रूझ यांच्याकडे पाठवले. क्रूझ यांनी ते मार्मोसेट माकडांना चावू दिले. काही आठवड्यांत माकडे आजारी पडली आणि त्यांच्या रक्तात परजीवी दिसला. चागस धावत रिओला गेले. ही जात आजवर कोणी पाहिलेली नव्हती. गुरूच्या नावावरून त्यांनी तिला ‘क्रूझी’ हे नाव दिले.

म्हणजे कीटक सापडला, जंतू सापडला. आजार कोणता हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. एरवी वैद्यकशास्त्रात आधी रुग्ण दिसतो आणि मग कारणाचा शोध सुरू होतो. इथे सारे उलटे होते. लासान्सला परतून चागस यांनी माणसांचे आणि पाळीव जनावरांचे रक्त तपासण्याचा सपाटा लावला. पहिल्यांदा परजीवी सापडला तो एका मांजराच्या रक्तात. आणि १४ एप्रिल १९०९ रोजी, दोन वर्षांच्या एका मुलीच्या. तिला ताप होता, चेहरा सुजला होता, यकृत आणि प्लीहा वाढली होती. त्याच घरातील हीच मुलगी चागस यांनी काही काळापूर्वी तपासली होती आणि तेव्हा ती ठणठणीत होती. आठवडाभरात क्रूझ यांनी रिओच्या राष्ट्रीय वैद्यक अकादमीत हा शोध जाहीर केला. चागस तेव्हा तिशीच्या आसपास होते.

मग चूक कुठे झाली?

शोध इतका झपाट्याने लागला की त्यातून काढलेले काही निष्कर्ष घाईचे ठरले. चागस यांना वाटे, परजीवी किड्याच्या दंशातून शरीरात जातो. प्रत्यक्षात किडा चावतो आणि तिथेच विष्ठा टाकतो. परजीवी असतो तो विष्ठेत. माणूस खाजवतो, डोळा चोळतो आणि परजीवीला आत जायला वाट मिळते. फ्रेंच शास्त्रज्ञ एमिल ब्रुम्प्त यांनी १९१२ मध्ये हे दाखवले. प्राण्यांच्या फुप्फुसात दिसलेल्या काही गोळ्यांना चागस यांनी क्रूझीचीच एक अवस्था मानले होते. तो निघाला न्यूमोसिस्टिस हा निराळाच जीव. पुढे एड्सच्या काळात न्यूमोनियाचे कारण म्हणून तो कुप्रसिद्ध झाला.

या दोन्ही चुका त्यांना पुढे नडल्या नाहीत. नडला तो गलगंड. लासान्समध्ये घरटी माणसांच्या गळ्याला गाठी होत्या. तोही याच परजीवीचा प्रताप, असे चागस यांनी ठामपणे मांडले आणि आजाराच्या व्याख्येतच गलगंडाला मानाचे स्थान दिले. वास्तविक, समुद्रापासून दूरच्या डोंगराळ भागात आयोडीनच्या अभावाने गलगंड होतो. एकाच गावात दोन आजार शेजारी शेजारी नांदत होते आणि त्यांनी दोघांची एकत्र मोट बांधली. गळ्याची गाठ लांबूनही दिसते, हृदयाचा बिघाड मात्र नाडी धरल्याशिवाय कळत नाही. साहजिकच लोकांनी आजार ओळखायचा तो गाठीवरून, आणि ही खूणच चुकीची होती.

हृदयाचे नेमके काय होते?

याचे पहिले ठोस उत्तर चागस यांचे तरुण सहकारी गास्पर व्हियाना यांनी दिले. मृत रुग्णांच्या ऊती सूक्ष्मदर्शकाखाली पाहून १९११ मध्ये त्यांनी दाखवले की, परजीवी रक्तात फक्त प्रवास करतो. वाढतो तो पेशींच्या आत, विशेषतः हृदयाच्या स्नायूंत. तिथे तो शेपूट टाकतो, गोल होतो, दुभंगत राहतो आणि पेशी फुटली की शेजारच्या पेशींत शिरतो. व्हियाना १९१४ मध्ये वयाच्या अवघ्या २९व्या वर्षी गेले.

चागस यांनी युरिको व्हिलेला यांच्यासह रुग्णांच्या हृदयाचा अभ्यास सुरूच ठेवला. १९२२ मध्ये त्यांचा हृदयविकारावरील प्रदीर्घ निबंध प्रसिद्ध झाला. जास्तीचे ठोके, अतिशय मंद नाडी, वरच्या कप्प्यांतील विद्युत संदेश खालच्या कप्प्यांपर्यंत न पोहोचणे, हृदयाचा आकार वाढणे आणि अचानक मृत्यू हे सारे त्यात आहे. अ‍ॅट्रोपिन हे नाडीचा वेग वाढवणारे औषध. ते देऊनही काही रुग्णांची नाडी अपेक्षेइतकी वाढत नाही, ही बारीक नोंदही आहे. म्हणजे स्नायूंबरोबर हृदयाच्या मज्जातंतूंनाही इजा होत असली पाहिजे. खेड्यातल्या रुग्णांची नाडी धरून केलेले हे निरीक्षण आजच्या संशोधकांनाही पुन्हा पुन्हा उद्धृत करावेसे वाटते.

आज जे कळले आहे ते थोडक्यात असे. शरीराची प्रतिकारशक्ती परजीवीला दाबून ठेवते, पण समूळ मारू शकत नाही. ही धुसफुस वर्षानुवर्षे चालते. सततच्या दाहाने हृदयाचा स्नायू थोडा थोडा मरतो आणि त्या जागी आकुंचन न पावणारी, व्रणासारखी ऊती तयार होते. ती विद्युतमार्गांत आली की ठोक्यांची लय बिघडते. ईसीजीमध्ये उजव्या बाजूचा मार्ग बंद पडल्याचे दिसणे ही या आजाराची ठळक खूण. हृदयाच्या टोकाशी भिंत पातळ होऊन फुगा येतो, त्यात रक्ताची गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की पक्षाघात. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत मेद साचून येणाऱ्या नेहमीच्या हृदयविकाराहून हे वेगळे आहे. इथे मोठ्या रक्तवाहिन्या बऱ्याचदा स्वच्छ असतात.

आणि ती दोन वर्षांची मुलगी? ती वाचली आणि सत्तरीपार जगली. १९६२ मध्ये आणि पुन्हा १९७८ मध्ये डॉक्टरांनी तिच्या शरीरातून परजीवी वेगळा काढला. म्हणजे तो सात दशके तिच्यासोबत राहिला होता. हृदय मात्र शाबूत होते. काहींचे हृदय पोखरले जाते आणि काहींचे का नाही, याचे पूर्ण उत्तर आजही हाती नाही.

ब्राझीलमध्येच विरोध का झाला?

पहिली ठिणगी शेजारच्या अर्जेंटिनात पडली. ब्युनोस आयर्सच्या जीवाणूशास्त्र संस्थेचे प्रमुख रुडॉल्फ क्राउस यांना १९१५-१६ मध्ये तिथल्या किड्यांत परजीवी सापडला, पण चागस यांनी वर्णन केलेला आजार माणसांत दिसला नाही. गलगंडाचा या परजीवीशी संबंध नाही, असेही त्यांनी मांडले आणि त्यात ते बरोबर होते.

१९१७ मध्ये क्रूझ यांचे निधन झाले आणि संस्थेची सूत्रे चागस यांच्याकडे आली. १९१८ च्या इन्फ्लुएन्झात रिओचे मदतकार्य त्यांच्यावर सोपवले गेले. १९२० मध्ये देशाच्या आरोग्य विभागाचे प्रमुखपदही मिळाले. एकाच माणसाकडे इतकी सत्ता एकवटल्यावर मत्सर होणे ओघानेच आले. पण प्रश्न केवळ हेव्यादाव्यांचा नव्हता. ब्राझीलच्या अंतर्भागात लाखो लोक एका असाध्य आजाराने खंगत आहेत, असे चागस आणि पेना सांगत होते. सरकारने खेड्यांत दवाखाने काढावेत, घरे सुधारावीत, ही त्यांची मागणी होती. रिओतल्या अनेक प्रतिष्ठितांना यात देशाची बदनामी दिसली.

१९२२ च्या अखेरीस राष्ट्रीय वैद्यक अकादमीत आफ्रानिओ पेशोतो आणि इतरांनी जाहीर आक्षेप घेतले. इतके रुग्ण आहेत तर ते कुठे आहेत? हा आजार लासान्सपुरताच तर नाही ना? आणि परजीवीच्या शोधाचे श्रेय खरे तर क्रूझ यांचे नव्हे काय? वाद वर्षभर चालला. १९२३ च्या शेवटी समितीने शोध चागस यांचाच आणि महत्त्वाचा असल्याचा निर्वाळा दिला. तो किती लोकांना होतो, या कळीच्या प्रश्नावर मात्र ठोस उत्तर टाळले.

इथे चागस यांच्या विरोधकांना सरसकट खलनायक ठरवणे सोपे आहे, पण ते रास्त होणार नाही. रुग्ण दाखवा, ही मागणी चुकीची नव्हती. अडचण अशी की जुनाट रुग्णाच्या रक्तात परजीवी सूक्ष्मदर्शकाने सहसा सापडतच नाही. रक्तातील प्रतिद्रव्ये ओळखणारी चाचणी १९१३ मध्ये निघाली होती, मात्र ती तेव्हा पुरेशी विश्वासार्ह नव्हती. खेड्यात ईसीजी यंत्र नेणे तर कल्पनेपलीकडचे. नाडीवरचे बोट आणि अनुभव एवढ्यावर चागस खात्रीने बोलत होते आणि हृदयाबाबत त्यांचे म्हणणे खरे होते. पण गलगंडाबाबत ते तितक्याच खात्रीने चुकले होते. बाहेरच्या माणसाने यातले कोणते खरे मानायचे?

नोबेलसाठी त्यांचे नाव १९१३ आणि १९२१ मध्ये सुचवले गेले. १९२१ चा वैद्यकाचा पुरस्कार कोणालाच दिला गेला नाही. मायदेशातील विरोधकांनी खोडा घातला, असे ब्राझीलमध्ये आजही सांगितले जाते. त्याला पक्का पुरावा नाही.

मान्यता कधी मिळाली?

८ नोव्हेंबर १९३४ रोजी रिओमध्ये चागस यांचे निधन झाले. साठीही गाठली नव्हती. कारण हृदयविकाराचा झटका. थोरले चिरंजीव एवान्द्रो यांनी १९३० मध्ये याच आजाराच्या हृदयावरील परिणामांवर ईसीजीच्या आधारे प्रबंध लिहिला होता. वडिलांच्या बरोबर सहाव्या स्मृतिदिनी, ८ नोव्हेंबर १९४० रोजी, ते विमान अपघातात गेले.

तोवर वारे फिरू लागले होते. ज्या अर्जेंटिनातून शंका उपस्थित झाली तिथेच साल्वादोर माझा यांनी उत्तरेच्या प्रांतांत फिरून शेकडो रुग्ण शोधले. सेसिलिओ रोमान्या यांनी १९३५ मध्ये एका डोळ्याची सुजलेली पापणी ही सुरुवातीच्या आजाराची खूण म्हणून मांडली. आता साधा डॉक्टरही नुसत्या नजरेने आजार ओळखू शकत होता.

निर्णायक काम झाले मिनास जेराइसमधीलच बाम्बुई गावात. क्रूझ संस्थेने १९४३ मध्ये तिथे केंद्र काढले. इमॅन्युएल डियास आणि हृदयरोगतज्ज्ञ फ्रान्सिस्को लारांजा यांनी गावकऱ्यांचे ईसीजी काढले, सुधारित रक्तचाचणी केली, दोन्ही शेजारी ठेवून ताडून पाहिले आणि त्याच माणसांना वर्षानुवर्षे पुन्हा तपासले. संसर्ग झालेल्यांत हृदयाचे ठरावीक बिघाड दिसत होते. गलगंडाला त्यांनी व्याख्येतून वगळले. १९५६ मध्ये अमेरिकेच्या ‘सर्क्युलेशन’ नियतकालिकात हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि वाद मिटला. बाम्बुईतच कीटकनाशक फवारून किडे मारता येतात हेही दिसले. पुढे देशभर मोहिमा झाल्या. २००६ मध्ये ब्राझीलला, प्रमुख वाहक असलेल्या जातीच्या किड्यामार्फत होणारा प्रसार थांबल्याचे प्रमाणपत्र मिळाले.

भारताला धोका आहे का?

हा आजार आपल्याकडे पसरलेला नाही. मात्र याच कुळातील एका परजीवीची महाराष्ट्रात नोंद आहे. २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या रक्तात ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी सापडला. गुराढोरांना, उंट-घोड्यांना ‘सर्रा’ रोग होतो तो याच्यामुळे. माणसाच्या रक्तातील एक प्रथिन त्याला मारते. पुढील तपासात आढळले की या शेतकऱ्याच्या शरीरात नेमके तेच प्रथिन नव्हते. सुरामिन या औषधाने तो बरा झाला. त्याचा चागस आजाराशी संबंध नाही.

चागस आजार आता किड्यावाचूनही पसरतो. रक्तातून, अवयव प्रत्यारोपणातून, आईकडून बाळाला. २००५ मध्ये ब्राझीलच्या सांता कातारिना राज्यात उसाच्या रसातून साथ आली. चरकात उसाबरोबर किडेही चिरडले गेले असावेत. स्थलांतरितांबरोबर आजार स्पेन आणि अमेरिकेतही पोहोचला आहे.

उपचार आहे का?

बेंझनिडाझोल आणि निफर्टिमॉक्स ही दोन औषधे आहेत, दोन्ही जुनी. संसर्ग ताजा असेल तर ती चांगली लागू पडतात. हृदयाची हानी सुरू झाल्यावर मात्र चित्र बदलते. २८५४ रुग्णांवरील ‘बेनिफिट’ चाचणीचा निकाल २०१५ मध्ये आला. बेंझनिडाझोलने रक्तातील परजीवी कमी झाले, पण हृदयाची घसरण थांबली नाही. अशा रुग्णांना पेसमेकर, धोकादायक लय मोडणारे उपकरण, गुठळी न होऊ देणारी औषधे आणि शेवटी हृदय प्रत्यारोपण एवढेच पर्याय उरतात. त्यामुळे आता भर गर्भवतींच्या आणि नवजात बालकांच्या तपासणीवर आहे. जन्मतः संसर्ग झालेल्या बाळाला पहिल्या वर्षभरात औषध दिले तर बहुतेक बाळे पूर्ण बरी होतात.